घट्ट चहाची तपासणी

"मावशी, जेवणघरात मुंग्या झाल्यात," मॅनेजर मॅडम दारातूनच म्हणाल्या. मी तेव्हा बेचाळीस जणांचं सूप गाळत होते. मॅडम स्वयंपाकघराच्या आत येत नाहीत, कारण आत यायचं तर डोक्याला जाळीची टोपी घालावी लागते.

या घरात सगळेच मला मावशी म्हणतात. अठ्ठ्याहत्तर वर्षांच्या आजीसुद्धा. म्हातारी, आजारी, ज्यांचं घरी होत नाही अशी माणसं इथं कायमची राहायला येतात, आणि अठरा वर्षं त्यांचं खाणंपिणं मी बघते. माझ्या ओट्यावर साखरेचा कण सापडायचा नाही.

"माझ्याकडच्या नाहीत मुंग्या," मी म्हटलं.

"गोडाचं काही सांडलं असेल."

"माझं सांडत नाही."

यावर त्या गप्प बसल्या असत्या तर बरं होतं. पण त्या म्हणाल्या, "आणि साहेबांच्या चहाचंही एकदा नीट बघा. पावडर बरोबर पडते का."

मुंग्यांचं मी गिळलं असतं. हे मात्र माझ्या फारच वर्मी लागलं.

साहेब म्हणजे सात नंबरच्या खोलीतले आजोबा. उभा जन्म त्यांनी डेअरीत दूध तपासण्यात घालवला. कुणी पाणी घातलं, कुणी पीठ मिसळलं, ते शोधायचं आणि सापडलं की कॅनच्या कॅन गटारात ओतायला लावायचं. त्यांचं नाव काढलं की दूधवाल्यांना घाम फुटायचा, असं त्यांच्या बायकोनं, म्हणजे आमच्या आजींनी, मला निदान पन्नास वेळा सांगितलंय. आठ महिन्यांपूर्वी त्यांना झटका आला. डावं अंग गेलं, बोलणं अडखळायला लागलं आणि गिळणं बिघडलं. पाणी, चहा, दूध, काहीही पातळ प्यायलं की ते पोटात जायचं सोडून श्वासनळीत उतरायचं. मग एका सकाळी एक गिळण्याच्या तज्ज्ञ मॅडम येऊन गेल्या. त्यांनी एक पांढऱ्या पावडरीचा डबा ठरवून दिला. कपाला दोन सपाट चमचे घालायची, मधासारखं दाट करायचं आणि मगच प्यायला द्यायचं.

तसं आम्ही देत होतो. तरी गेल्या महिन्यात साहेबांची छाती भरली. नऊ दिवस दवाखान्यात काढून ते तीन दिवसांपूर्वी परत आले, ते निम्मे होऊन. बरोबर डॉक्टरांची चिठ्ठी होती. पातळ पेय फुप्फुसात गेलेलं दिसतं, पुन्हा असं झालं तर या वयाला ते सोसणार नाही.

साहेबांच्या पलंगाला एक पेयांचा तक्ता टांगलेला असतो. वेळ, पेय, किती घेतलं, कोणी पाजलं, शेरा. सकाळच्या दुधापुढे "अर्धा", अकराच्या सरबतापुढे "पाव", असं रडतखडत चाललेलं असायचं. चारच्या चहापुढे मात्र रोज न चुकता "पूर्ण". कारण चारचा चहा आजी पाजायच्या. "बायकोच्या हातून बघा कसे घेतात!" असं आमच्या सगळ्या मुली कौतुकानं म्हणायच्या. मुली म्हणजे इथं काम करणाऱ्या बायका. त्यातल्या दोघी आज्या आहेत, पण ते असो.

मॅडमचं गणित सरळ होतं. तक्ता चोख आहे, मग पातळ आलं कुठून? स्वयंपाकघरातून. म्हणजे माझ्याकडून.

मी सूप तसंच ठेवलं, टोपी काढून आपटली आणि मुंग्यांच्या मागे निघाले. निदान तो तरी डाग पुसून टाकू, म्हटलं. ओळ माझ्या दाराकडे वळतच नव्हती. जेवणघराच्या भिंतीला धरून ती थेट खिडकीपाशी गेली, तिथून खाली, साहेबांच्या टेबलाजवळच्या रबराच्या झाडाच्या कुंडीत. ते झाड मीच आणलेलं. दोन महिने पानं पिवळी पडत होती आणि मी सगळ्यांना पाणी जास्त घालता म्हणून बोल लावत होते. कुंडीत बोट घातलं. मातीवर बोटभर जाडीचा, चिकट, तपकिरी थर. त्यात मुंग्या रुतलेल्या. मी बोट नाकाशी नेलं. माझा चहा मी कुठंही ओळखते.

चार वाजायची मी वाट बघितली.

आजी दोन बस बदलून येतात. पावणेचारला दारात, खांद्याला पिशवी, पिशवीत विणकाम. त्या दिवशी साहेबांसाठी नवा मफलर घेऊन आल्या होत्या, कारण साहेबांच्या छातीला खिडकीतली हवा लागली अशी त्यांची समजूत होती. मी वाढण्याच्या खिडकीआड उभी राहिले. आजींनी साहेबांना मफलर गुंडाळला, कप हातात घेतला, बाहेर बघत बघत मनगट वळवलं आणि अख्खा चहा कुंडीत. पुढच्या क्षणाला पिशवीतून फ्लास्क निघाला. त्यातला चहा, पाण्यासारखा पातळ, वाफाळता, त्याच कपात.

"आजी!"

मी कशी धावले ते मला आठवत नाही, पण कप साहेबांच्या ओठाला लागायच्या आत माझ्या हातात होता. साहेबांनी माझ्याकडे असं बघितलं, जणू मी त्यांचं पाकीटच मारलंय.

आजींना मी कोपऱ्यात घेतलं. माझा आवाज चढलेला होता आणि मी तो उतरवलाही नाही. "हे काय चाललंय? माझ्यावर आळ आलाय इकडे, आणि तुम्ही झाडाला चहा पाजताय?"

आजी घाबरल्या नाहीत. उलट ताठ उभ्या राहिल्या. "मावशी, तुम्ही चांगल्या आहात, म्हणून मी कुणाला बोलले नाही. पण चहात पीठ घालता तुम्ही. दूध वाचवायला घालत असाल, नाहीतर वरून हुकूम असेल. ह्यांनी पहिल्याच घोटाला सांगितलं, भेसळ. सेहेचाळीस वर्षांच्या संसारात ह्यांनी भेसळ म्हटलं आणि निघाली नाही, असं एकदाही झालेलं नाही."

दूध वाचवायला! मी!

"मग तक्रार का नाही केलीत?" मी विचारलं.

"केली असती, आणि घेऊन जा म्हणाले असते तर? मला ह्यांना उचलवत नाही हो घरी."

"ती पावडर औषधाची आहे, आजी. पातळ काही प्यायलं तर त्यांच्या फुप्फुसात जातं. तुम्हाला कुणी सांगितलं नाही?"

"कोण सांगणार?"

खरंच, कोण सांगणार? तज्ज्ञ मॅडम सकाळी आल्या होत्या. आजी येतात चारला. मुलींना वाटलं सिस्टरनी सांगितलं असेल, सिस्टरना वाटलं मॅनेजर मॅडमनी सांगितलं असेल. मी तर विचारच केला नव्हता. पण तेव्हा एवढं कुठलं सुचायला. रागाच्या भरात मी बोलून गेले, "मफलर कसले विणताय? तुमच्या त्या फ्लास्कातल्या चहानं भरली त्यांची छाती."

आजींच्या हातात फ्लास्कचं झाकण होतं. ते त्यांनी दोनदा लावायचा प्रयत्न केला, लागलं नाही. मग त्या शेजारच्या खुर्चीवर बसल्या.

"म्हणजे मीच?"

त्या क्षणी माझी जीभ झडली असती तर मला चाललं असतं. मी त्यांच्याजवळ बसले, पाठीवर हात ठेवला. टेबलावरच्या ट्रेमध्ये साहेबांसाठी जादा म्हणून ठेवलेला, पावडर घातलेल्या चहाचा दुसरा कप तसाच होता. काहीतरी करायचं म्हणून मी त्यातला एक चमचा तोंडात घातला.

आता हे मला सांगायलाच हवं. अठरा वर्षांत मी चाखल्याशिवाय एक पातेलं खाली उतरवलेलं नाही. बिनमिठाच्या पथ्याच्या भाज्यासुद्धा मी चाखते. पण ती पावडर म्हणजे औषध, आपला काय संबंध, असं धरून मी तो कप एकदाही जिभेला लावला नव्हता. सगळ्यांचा चहा केला की उरलेल्यात पावडर ढवळायची, ट्रेवर ठेवायचा, मोकळी. मुली नेईपर्यंत तो तिथंच पडून गार व्हायचा. गार, गुठळ्या झालेला, आणि चहाची चव त्या पिठाखाली कुठंतरी गाडलेली. मी तो कसाबसा गिळला.

"आजी," मी म्हटलं, "साहेबांचं बरोबर आहे. असलं काही मला दिलं असतं तर मीही ओतलंच असतं."

मग मी कुंडी उचलली. जड होती, पण माझे हात पातेली उचलून तयार झालेत. कुंडी कडेवर, आजी मागे, अशी आमची वरात मॅडमच्या खोलीत गेली. कुंडी मी त्यांच्या टेबलावर ठेवली, मुंग्यांसकट.

"या तुमच्या मुंग्या," मी म्हटलं, "आणि हा तुमचा रोजचा पूर्ण कप."

सगळं सांगून झाल्यावर मॅडम कपाळ धरून बसल्या. त्या वाईट नाहीत. बेचाळीस माणसांचं काही बरंवाईट झालं की जबाब त्यांनाच द्यावा लागतो. त्या आजींना हळूच म्हणाल्या, "आजी, उद्यापासून तुम्ही पाचला या. चहा मुली देतील. मग हवं तितका वेळ बसा त्यांच्याजवळ."

आजी भांडल्या नाहीत. फक्त म्हणाल्या, "आंघोळ तुम्ही घालता. नखं तुम्ही कापता, दाढी तुम्ही करता. चहा तेवढा माझ्याकडे राहिला होता."

मी उठले, तो गार कप आणला आणि मॅडमपुढे ठेवला. "घ्या. एक चमचा. आणि मग ठरवा कुणाचं चुकलं. माझं चुकलं, मी चाखला नाही. आपल्या सगळ्यांचं चुकलं, आजींना सांगितलं नाही. आणि तुम्ही रोज सह्या करत होतात त्या तक्त्यावर."

मॅडमनी चमचा तोंडात घातला. त्यांचा चेहरा मी इथं वर्णन करत नाही, नोकरी आहे माझी. मग त्यांनी तज्ज्ञ मॅडमना फोन लावला. तिकडून सांगणं आलं की चहा कडक करा, पावडर भुरभुरत घाला आणि लगेच जोरात ढवळा, पाच मिनिटं राहू द्या, गार व्हायच्या आत द्या. आणि बायकोला समजावून सांगितलं होतं ना, असं त्यांनी विचारलं तेव्हा आमच्या मॅडमनी खिडकीबाहेर बघितलं.

"उद्या चारला," फोन ठेवून मॅडम म्हणाल्या, "सिस्टर समोर असतील, मी असेन. साहेबांनी दाट चहा आजींच्या हातून घेतला तर चारचा चहा आजींचा. नाही घेतला तर पाचला यायचं, आजी. मला त्यांची छाती सांभाळायची आहे."

आजींनी मान हलवली. त्यांनाही तेच सांभाळायचं होतं.

दुसऱ्या दिवशी मी तो चहा चार वेळा केला. पहिल्या तीन वेळचा मीच चाखला आणि बेसिनमध्ये ओतला. चौथा जमला. गुठळी नाही, रंग चहाचा, वास चहाचा. चमचा वाकडा केला की मधासारखा उतरत होता. चारला पाच कमी असताना मी तो टेबलावर नेऊन ठेवला. मॅडम एका बाजूला, सिस्टर एका बाजूला. आजींनी चमचा भरला.

साहेबांनी चमच्याकडे बघितलं. मग आजींच्या हाताला धरून तो चमचा त्यांनीच तिरका केला. थेंब सावकाश लोंबला आणि पडला. जन्मभर हेच बघितलेला माणूस तो.

"भेसळ," ते म्हणाले आणि तोंड फिरवलं.

आजींनी चमचा पुन्हा पुढे नेला. "अहो, आज घ्या ना," त्या म्हणाल्या. साहेबांनी ओठ घट्ट मिटले. मॅडमनी घड्याळ बघितलं नाही, पण त्यांची मान तिकडे वळायला लागली होती.

तेव्हा आजींनी चमचा खाली ठेवला आणि पिशवीतून एक लाकडी पेटी काढली. विणकामाखाली होती. झाकण उघडलं तर आत काचेच्या नळ्या, एक ड्रॉपर आणि एक तपकिरी बाटली. साहेबांची तपासणीची पेटी. सकाळी स्टुलावर चढून माळ्यावरून काढली म्हणाल्या, आणि सिस्टरच्या तोंडून "स्टुलावर?" असं निघून गेलं. बाटलीतलं पीठ ओळखायचं आयोडीन वाळून कवच झालं होतं.

"सिस्टर, जखमेला लावायचं असतं ना तुमच्याकडे? ते द्या," आजी म्हणाल्या. त्यांचा आवाज एकदम कामाचा झाला होता. "मावशी, दोन बशा. एकीत नुसतं दूध, एकीत तुमची पावडर घातलेलं. उकळलेलं आणि गार केलेलं हवं. गरमात रंग येत नाही."

मी पळाले. सकाळचं उकळलेलं दूध फ्रीजमध्ये गार होतंच. परत आले तेव्हा साहेब सरळ बसले होते. उजव्या हातात सिस्टरच्या आयोडीननं भरलेला ड्रॉपर. हात कापत होता, पण थेंब बरोबर बशीच्या मधोमध पडला. पहिली बशी जराशी पिवळट झाली, बस. दुसरीत थेंब पडला आणि दूध निळं झालं. काळपट, गडद निळं.

"भेसळ!" साहेब ओरडले. झटका आल्यापासून एवढा मोठा आवाज आम्ही ऐकला नव्हता. चार टेबलांवरची माणसं वळून बघायला लागली. साहेबांचा चेहरा असा उजळला की मलाच रडू फुटेल असं वाटलं.

"बरोबर पकडलंत, साहेब," मी म्हटलं आणि पावडरीचा डबा त्यांच्यापुढे ठेवला. "स्टार्च, म्हणजे पीठच आहे. पण मी चोरून घातलेलं नाही. डब्यावर नाव आहे, काय घातलंय ते आहे, कशासाठी ते आहे. तुम्ही तपासा."

त्यांनी डबा जवळ ओढला. बोट ओळीखाली ठेवून ते वाचायला लागले. चहा गार होईल म्हणून मी कपावर बशी झाकली. एका ओळीपाशी बोट थांबलं. गिळण्याचा त्रास असलेल्या रुग्णांसाठी, असं तिथं लिहिलेलं होतं. त्यांनी मान वर करून आजींकडे बघितलं.

"तुम्हाला पातळ चालत नाही," आजी म्हणाल्या. "छातीत जातं. मला ठाऊक नव्हतं हो. दवाखान्यात जायची वेळ माझ्या चहानं आणली तुमच्यावर."

साहेबांनी उजवा हात लांब करून आजींच्या पिशवीत घातला. फ्लास्क बाहेर काढला. त्या दिवशीही तो भरलेला होता, सवयीनं भरला गेला असेल. तो त्यांनी माझ्यापुढे सरकवला.

"ओता," ते म्हणाले.

मी तो त्यांच्यादेखत बेसिनमध्ये ओतला, शेवटच्या थेंबापर्यंत. परत येते तो त्यांनी तोंड उघडलेलं होतं आणि आजी पहिला चमचा भरवत होत्या. खोकला आला नाही. दुसरा. तिसरा. सिस्टर त्यांच्या गळ्याकडे बघत मनातल्या मनात मोजत होत्या. अर्ध्या कपाला साहेबांनी हात आडवा केला, बस म्हणून.

मॅडमनी तक्ता आणलेला होताच. त्या लिहायला लागल्या, तेवढ्यात साहेबांनी हात पुढे केला. मॅडमना कळेना. "पेन मागतायत," आजी म्हणाल्या. इतके महिने त्या तक्त्यावर रोज त्यांच्याबद्दल लिहिलं जात होतं, आणि त्यांचा उजवा हात चालतो हे आमच्यापैकी कुणाच्या डोक्यात आलं नव्हतं.

साहेबांनी तक्ता वाचला. तीन दिवसांच्या चारच्या चहापुढे पूर्ण, पूर्ण, पूर्ण. तिन्हींवर त्यांनी सावकाश आडवी रेघ मारली आणि प्रत्येक रेघेशेजारी सही केली. मॅडमच्या सह्या त्याखाली होत्या. मॅडम लाल झाल्या, पण तक्ता त्यांनी ओढून घेतला नाही, हे मी त्यांच्या बाजूनं लिहून ठेवते.

मग आजची ओळ. "अर्धा कप," त्यांनी लिहिलं. शेऱ्याच्या चौकटीत लिहिलं, "साखर कमी." साखर कमी! चार वेळा केलेल्या चहाला! मी तोंड उघडणार होते, पण कोणी पाजलं या चौकटीवर पेन येऊन थांबलं होतं. तिथं आमच्या मुली आपल्या नावाचं एक अक्षर टाकतात. साहेबांनी अक्षरं जुळवत, कापऱ्या हातानं, पूर्ण शब्द लिहिला. पत्नी. पेन उचललं, आजींकडे बघितलं, पुन्हा टेकवलं आणि पुढे आणखी एक शब्द लिहिला. रोज.

तक्ता त्यांनी मॅडमकडे दिला. मॅडमनी ती ओळ वाचली, मग परत वाचली. आजी पदरानं साहेबांची हनुवटी पुसत होत्या, पण त्यांचं सगळं लक्ष मॅडमच्या तोंडाकडे होतं.

मॅडमनी पेनाचं टोपण लावलं.

"मावशी," त्या मला म्हणाल्या, "उद्यापासून चारच्या चहात साखर थोडी जास्त."